धारणी, भामरागड, धडगाव: मानसिक आरोग्यसेवा पोचते का, हे मोजायचं कसं?

सातपुडा (धागाकर्ता)

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कुठलाही अहवाल उघडा, पहिला आकडा ओपीडीत आलेल्या रुग्णांचा असतो. तो वाढला की सेवा सुधारली, असं धरलं जातं. पण मेळघाटातल्या धारणीचा कोरकू, भामरागडचा माडिया किंवा धडगावचा पावरा त्या आकड्यात किती आहे, हे कळायला मार्गच नाही, कारण रजिस्टरमध्ये भाषेचा रकाना नसतो. जात-जमातीचा असतो, तोही अर्धा वेळ कोराच.

भाषेचं चित्र थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे घोळ नको. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी-माडिया आणि कोलामी द्राविडी, भिली-पावरी-मावची आर्य कुळातल्या. २०११ च्या जनगणनेत देशभरात कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या वर, गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आणि भिली गटातले एक कोटीच्या पुढे. यातली एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. म्हणजे सरकारी प्रश्नावल्या, माहितीपत्रकं, हेल्पलाइन या सगळ्या गोष्टी मराठी-हिंदीत येऊन थांबतात.

प्रश्न असा: तालुका पातळीवर, हाताशी फार पैसा नसताना, सेवेचं मूल्यमापन कोणत्या गोष्टींवर करावं? अनुभवकथन नको, पद्धत लिहा.

---

आकडेमोड

आधी ओपीडीच्या आकड्याचा निकाल लावू. बहुतेक ठिकाणी मोजतात ती भेट, माणूस नव्हे. मिरगीचा एक रुग्ण दर महिन्याला गोळ्या न्यायला आला की वर्षात १२ 'रुग्ण' होतात. त्यामुळे जुने रुग्ण टिकले तरी आकडा फुगतो आणि नवीन एकही आला नाही तरी कळत नाही. पहिलं काम म्हणजे नोंदणी क्रमांकावरून नवे आणि जुने वेगळे करणं.

दुसरं, मिरगी वेगळी काढा. ग्रामीण शिबिरांच्या रजिस्टरमध्ये तिचा वाटा मोठा असतो. तिच्यावर उपचार व्हायलाच हवेत, पण 'मानसिक आजारांवर उपचार वाढले' या वाक्यात तिला लपवू नका. नैराश्य, तीव्र मनोविकार, दारू, मिरगी, मतिमंदत्व असे किमान पाच गट करा.

मग येतो छेद, म्हणजे कितींपैकी किती. आरोग्यसेवा-संशोधक तानाहाशींनी १९७८ मध्ये मांडलेली पायऱ्यांची रचना इथे फार कामाची आहे: सेवा उपलब्ध आहे का, तिथवर जाता येतं का, लोकांना ती पटते का, लोक एकदा तरी आले का, आणि आलेल्यांना गुण आला का. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. कुठे किती गळली ते शोधणं हेच मूल्यमापन.

अमरावती जिल्ह्यात ३० गावांत झालेल्या 'विश्राम' कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. तिथे गावपातळीवर दोनदा सर्वेक्षण झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांनी २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे छापून आलं. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळी वाढ कार्यक्रमामुळेच झाली असं म्हणता येत नाही. तरी छेद गावातून घेतला, दवाखान्यातून नाही, हा मुद्दा महत्त्वाचा.

---

बोलीघर

भाषेच्या रकान्याबद्दल: एक रकाना पुरत नाही. दोन प्रश्न विचारा. घरी कोणती भाषा बोलता? आणि डॉक्टरशी मनातलं बोलायचं तर कोणत्या भाषेत बोलाल? धारणीकडचा कोरकू माणूस बाजारात हिंदी सहज बोलतो, मराठी शाळेपुरती. त्याला 'मराठी येते का' विचारलं तर हो म्हणेल, कारण नाही म्हणणं कमीपणाचं वाटतं. म्हणून 'येते का' हा प्रश्न टाळा.

आणि जिल्हा म्हणजे एक भाषा नव्हे. गडचिरोलीत कोरची-धानोऱ्याची गोंडी आणि भामरागडची माडिया यांत पुरेसं अंतर आहे, सिरोंच्यात तेलुगू आहे. नंदुरबारमध्ये धडगावला पावरी, नवापूरकडे मावची. एकच 'आदिवासी भाषेतली' प्रश्नावली छापून सगळीकडे पाठवणं म्हणजे छपाईचा खर्च वाया.

पीएचक्यू-९ (नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येकाला ० ते ३ गुण) सारखं साधन नव्या बोलीत आणायचं तर क्रम असा:

दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, त्यातला एक आरोग्याबाहेरचा असावा. दोन्ही मसुदे समोर ठेवून एक करायचा. मग तिसऱ्या माणसाने, ज्याने मूळ पाहिलेलं नाही, तो उलटा मराठी-हिंदीत आणायचा. इथवर सगळेच करतात आणि इथेच थांबतात. खरी चूक सापडते ती पुढच्या पायरीत: त्या बोलीतल्या आठ-दहा साध्या माणसांना, त्यात निम्म्या बायका, प्रश्न ऐकवून विचारायचं, 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय असं वाटलं?' आणि 'उत्तर देताना काय आठवलंत?' उलट भाषांतर अगदी जुळतं आणि तरी ऐकणाऱ्याला भलतंच कळतं, असं वारंवार होतं.

काळाचा प्रश्न हमखास अडतो. 'गेल्या दोन आठवड्यांत' ऐवजी 'गेल्या दोन बाजारांपासून' म्हणा, आठवडी बाजार सगळ्यांना पाठ असतो. 'अर्ध्याहून जास्त दिवस' हा पर्याय तर अक्षरओळख असलेल्यालाही जड जातो. जमिनीवर १४ चिंचोके मांडायचे, 'किती दिवस असं वाटलं तेवढे बाजूला काढा'. एकही नाही तर ०, सातपर्यंत १, आठ ते अकरा २, बारा ते चौदा ३. हे तुकडे आपण ठरवलेले आहेत, ते अहवालात लिहा आणि मध्येच बदलू नका.

लिखित बोलीची सवय फार थोड्यांना असते, म्हणून प्रश्नावली ध्वनिमुद्रित करून मोबाइलवर ठेवा. विचारणारे दहा जण असले तरी प्रश्न एकाच शब्दांत जातो.

---

झोळणा

एवढं सगळं तालुक्यात कोण करणार? मराठी पीएचक्यू आहेच, आशाताई तिथल्या तिथे कोरकूत सांगते. चालतंय की.

---

बोलीघर

@झोळणा, चालतंय असं दिसतं, कारण कागद भरलेला असतो. तिथल्या तिथे केलेलं भाषांतर दर वेळी वेगळं होतं. शिवाय नववा प्रश्न, म्हणजे जीव द्यावासा वाटतो का, तो विचारायला संकोच वाटतो आणि अनेकदा न विचारताच '०' लिहिलं जातं. तपासायचा सोपा मार्ग सांगतो: विचारणाऱ्या व्यक्तीनुसार नवव्या प्रश्नाची उत्तरं वेगळी काढा. कुणा एकीच्या पन्नास कागदांवर पन्नास शून्यं आणि बाकी प्रश्नांत भरपूर दोन-तीन असतील, तर प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

दुभाष्याचं मूल्यमापनही वेगळं करावं लागतं. संमती घेऊन दहा सल्लामसलती ध्वनिमुद्रित करा. त्या खोलीत नसलेल्या दुसऱ्या दुभाषिकाला ऐकवा आणि तीन गोष्टी मोजायला सांगा: रुग्णाचं किती बोलणं गाळलं, किती पदरचं घातलं, किती ठिकाणी अर्थ बदलला. गाळणं सगळ्यात जास्त असतं. बाई पाच मिनिटं बोलते आणि दुभाषी सांगतो, 'झोप लागत नाही म्हणते.'

आशाताई त्याच ढाण्यावरची, त्याच पाड्यावरची असते, बऱ्याचदा नात्यातली. नवरा मारतो, दारू पितो, हे तिच्यासमोर निघणार नाही. दुभाषी शेजारच्या गावचा घ्या, बायकांसाठी बाईच, आणि घरातलं शाळकरी पोर कधीही नको. मानधन ठरवून द्या. आणि दुभाष्यासह तपासणीला वेळ जवळपास दुप्पट लागतो. तो शिबिराच्या वेळापत्रकात धरलेला नसेल तर डॉक्टर दुभाष्याला डावलून मोडक्या हिंदीत उरकतात.

---

औषधपेटी

सगळे प्रश्नावल्यांवर बोलताय. गोळ्यांकडे पण बघा, तिथे मोजणी सर्वांत सोपी आहे आणि खोटंही कमी चालतं.

साठा रजिस्टरमधून प्रत्येक औषधाचे शून्य साठ्याचे दिवस काढा. सगळी यादी नको, सहा पुरेत: फ्लुओक्सेटीन (नैराश्यासाठी), रिस्पेरिडोन (तीव्र मनोविकारासाठी), ट्रायहेक्सीफेनिडिल (रिस्पेरिडोनने हातपाय आखडू नयेत म्हणून), आणि मिरगीसाठी फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपीन, सोडियम व्हॅल्प्रोएट. वर्षातले किती दिवस कोणतं औषध नव्हतं, एवढा एक तक्ता. फेनोबार्बिटोन अचानक तुटलं तर झटके सलग येऊ शकतात, त्यामुळे तिथले दहा दिवस आणि फ्लुओक्सेटीनचे दहा दिवस सारखे नव्हेत. रिस्पेरिडोन आहे पण ट्रायहेक्सीफेनिडिल नाही, हीही नेहमीची गोष्ट. मग हातपाय आखडतात, माणूस गोळी सोडतो आणि रजिस्टरमध्ये 'रुग्ण आला नाही' अशी नोंद होते.

मग रुग्णनिहाय: सहा महिन्यांत दिलेल्या गोळ्या किती दिवसांच्या? ३०, ३०, १५, ३० असे मिळाले तर १०५ दिवस, १८० पैकी ५८ टक्के. ८० टक्क्यांच्या वर असेल तर उपचार नीट चालू असं साधारण धरतात. हाच आकडा भाषेनुसार वेगळा काढा. मराठी बोलणाऱ्यांचा आणि कोरकू बोलणाऱ्यांचा यात फरक निघाला, तर औषध एकच असूनही सेवा एक नाही.

फरक पडतो तो समजावण्यात. फ्लुओक्सेटीनने मळमळ पहिल्याच आठवड्यात होते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे रुग्णाच्या भाषेत सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी गोळ्या छपरात खोचलेल्या असतात. दवाखान्याबाहेर पडणाऱ्या रुग्णाला तीनच गोष्टी विचारा: गोळी कशासाठी, कधी घ्यायची, किती दिवस. तिन्ही बरोबर सांगणाऱ्यांचं प्रमाण हा संवादाचा सगळ्यात स्वस्त निर्देशक आहे. आणखी एक तपासा: मूल होण्याच्या वयातल्या किती बायकांना व्हॅल्प्रोएट चालू आहे आणि त्यातल्या कितींना गर्भावरचे दुष्परिणाम सांगितले गेले.

---

नियमावली

कायद्याची बाजू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. कलम १८ सेवा मिळण्याचा हक्क देतं आणि संस्कृती, जात, धर्म वगैरे कारणांवरून भेदभाव नको म्हणतं. अत्यावश्यक यादीतली औषधं फुकट मिळण्याची हमी मात्र सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर आहे, प्राथमिक केंद्रावर ती हमी नाही. मूल्यमापनात हे वेगळं धरा. कलम २२ नुसार आजाराची आणि उपचाराची माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची असते. म्हणजे दुभाषी ही मेहेरबानी नव्हे. वर औषधपेटी यांनी दिलेले तीन प्रश्न हीच त्याची तपासणी.

---

आकडेमोड

पीएचक्यूच्या गुणांवरून 'तालुक्यात इतके टक्के नैराश्य' असं लिहू नका, कृपया. समजा साधन चांगलं आहे: खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडतं आणि निरोगी लोकांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. गावात खरं प्रमाण ५ टक्के. १,००० जणांत ५० रुग्ण, त्यातले ४० सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी ९५ उगाच पकडले जातील. हाती आलेल्या १३५ पैकी खरे ४०. त्यांना धरून 'उपचारातली दरी' (आजार असून उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण) काढली तर ती फसवीच निघणार.

त्यात आदिवासी पट्ट्यात रक्तक्षय आणि सिकलसेल भरपूर. थकवा, भूक नसणं, झोप मोडणं हे पीएचक्यूतले तीन प्रश्न शरीराच्या आजारानेही भरतात. १० गुणांच्या वर नैराश्य धरायचं, ही रेषा इथे जशीच्या तशी चालेल असं धरू नका. शंभरेक जणांची त्याच आठवड्यात, कागद न पाहिलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून दुभाष्यासह तपासणी करून घ्या आणि रेषा पुन्हा ठरवा. जमत असेल तर हिमोग्लोबिनही बघा.

नमुना किती? उपचाराला गेलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असेल आणि पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर १३८ रुग्ण लागतात. गावागावांतून गठ्ठ्याने निवडतो म्हणून दुप्पट, २७७. पण हे रुग्ण आहेत, माणसं नव्हेत. शंभरात आठ रुग्ण धरले तरी जवळपास ३,५०० प्रौढांना विचारावं लागतं. आणि हे एका भाषागटासाठी! म्हणून तालुक्याने प्रमाण शोधण्याच्या नादी लागू नये. नव्या नोंदलेल्या रुग्णांची तुकडी धरा, तीन आणि सहा महिन्यांनी किती उरले आणि किती बरे झाले ते बघा. पन्नास-साठ जणांतही कळण्यासारखं निघतं.

---

मोहटोला

दारूचा मुद्दा कुणी काढला नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून 'रोज किती पिता?' विचारलंत तर आकडा शून्याकडेच झुकणार. ऑडिट या दारूविषयीच्या प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांपैकी किती पिता हे विचारणारे प्रश्न 'एक पेग' या मापावर उभे आहेत. मोहाच्या दारूचा कस भट्टीगणिक बदलतो, पिण्याचं भांडंही ठरलेलं नाही. मापावरचे प्रश्न टाकून परिणामांचे ठेवा: सकाळी हात थरथरतात का, पिऊन पडून मार लागला का, काम बुडालं का. सणाला किंवा पूजेला पिणं वेगळं नोंदवा, नाहीतर अख्खं गाव व्यसनी ठरेल.

दुसरं, भुमका-पडियार, म्हणजे गावातले पारंपरिक उपचार करणारे. रुग्ण आधी तिकडे जातो, हे सगळ्यांना माहीत, पण रजिस्टरमध्ये 'पाठवणारी व्यक्ती' या रकान्यात आशा, डॉक्टर, स्वतः एवढेच पर्याय. भुमका हा पर्याय घाला. पहिलं लक्षण आणि पहिली औषधभेट यांत किती महिने गेले, मध्ये कुणाकुणाकडे गेले, किती खर्च झाला, हे क्रमाने विचारा. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुवा' एकत्र ठेवून काम झालं आहे. तेव्हा भुमक्याकडून येणारा रुग्ण म्हणजे सेवेचं अपयश असं धरू नये. तो किती लवकर आला, हे बघावं. मारहाण, चटके, साखळी असेल तर मात्र तडजोड नाही, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि सातपुड्याच्या पट्ट्यात बायकांना 'कानात आवाज येतात का, अंगात येतं का' असं चारचौघांत विचारू नका. डाकीण ठरवायला तेवढं पुरतं. हा प्रश्न घराबाहेर, एकटीला, बाईनेच विचारायचा.

---

सातपुडा (धागाकर्ता)

वेळेचंही जोडतो. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्यातून ऊसतोडीला आणि मेळघाटातून मजुरीला माणसं बाहेर पडतात. डिसेंबरात घरी असतात ती म्हातारी आणि पोरं. त्या महिन्यातला 'उपचार सुटलेल्यांचा' आकडा हा बसचं तिकीट काढलेल्यांचा आकडा असतो. रजिस्टरमध्ये 'स्थलांतर' अशी वेगळी नोंद करा आणि जाण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या का ते तपासा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. मे महिन्यात तेंदूपत्ता, पहाटेच माणसं जंगलात. मेळघाटात होळीला सगळे परत येतात, पण सणाच्या आठवड्यात नको, नंतरचा आठवडा धरा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. अहवालात 'क्रमांक उपलब्ध' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक उपकेंद्रावरून वेगवेगळ्या वेळी कॉल लावून पाहा: रेंज मिळते का, किती मिनिटांनी माणूस बोलतो, भाषा निवडायला काय मिळतं, कोरकू किंवा माडिया बोलणारा माणूस मिळतो का. नववा प्रश्न 'हो' आला तर काय करायचं याच्या कागदावर नुसता हा क्रमांक लिहिलेला असेल आणि गावात रेंज नसेल, तर सर्वेक्षण सुरूच करू नका. विचारणाऱ्याने त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या भरवशाच्या माणसाला जवळ बसवायचं, फवारणीचं औषध घरातून हलवायचं आणि त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचवायचं. गाडी कोणाची, हे आधी ठरलेलं हवं.

---

झोळणा

पटलं. मग निदान एवढं सांगा, धारणीचे रुग्ण बऱ्हाणपूर-खंडव्याला जातात, ते कुठे धरायचे? अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, लोक जवळचं बघणारच.

---

आकडेमोड

गावातल्या पाहणीत 'कुठे गेलात' याला राज्याबाहेरचे पर्याय द्या आणि 'संपर्क झाला' यात मोजा, पण 'जिल्ह्याची सेवा मिळाली' यात मोजू नका. दोन आकडे वेगळे. पहिला मोठा आणि दुसरा लहान निघाला तर लोकांना उपचार हवे आहेत, आपली सेवा सोयीची नाही. दोन्ही लहान निघाले तर काम वेगळंच आहे. खर्चही विचारा: भाडं, बुडालेली मजुरी, सोबत्याची मजुरी. औषध फुकट असलं तरी एका फेरीला दोन माणसांचे दोन दिवस जातात.

---

नियमावली

अहवाल परत गावात नेणार असाल तर एक काळजी. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावात ग्रामसभेपुढे मांडायलाच हवा, पण साठ घरांच्या ढाण्यात 'तीव्र मनोविकार: १, स्त्री' लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. पाचापेक्षा लहान आकडा गावनिहाय छापू नका, चार-पाच गावं एकत्र करा. ग्रामसभेत रोगांचे आकडे सांगण्यापेक्षा शून्य साठ्याचे दिवस, डॉक्टर न आलेली शिबिरं आणि दुभाषी होता की नाही, हे सांगा. त्यावर ठराव करता येतो आणि तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवता येतो.